आपत्ती असलेल्यांनी हजर व्हावं

बाई, तू मेली त्याले अजून पुरता महिना झाला नाही, अन् मी तुझ्याशी भांडाले बसली. रडणं झालं. तेरवी झाली. पंगतीत बसलेले लोक एकमेकाले सांगत होते, काय शांत बाई होती, कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. माझ्या हातात वरणाची बादली होती. मले वाटलं, हेच वरण यायच्या डोक्यावर ओतावं. शांत? तू? भर बाजारात नवऱ्याले झाडूनं बडवणारी तू? तुझा मालक एकटाच खरं बोलला. पत्रावळीवरून मान वर न करता म्हणे, "फार मारायची." अन् मंग बिचारा जेवलाच नाही.

मेल्यावर माणसाले धुऊन-पुसून काहून ठेवतात वं? मी नाही ठेवणार. तू जशी होती तशीच मले पाहिजे.

तू माझी थोरली बहीण. एकाच मांडवात आपल्या दोघींची लग्नं लागली, एकाच घरच्या दोन भावांशी, म्हणून जाऊही झाली. मी जन्मभर तुले बाईच म्हटलं. जावाजावांचं भांडण गावानं पाह्यलं नाही, कारण बहिणीबहिणींचंच पुरून उरलं. लहानपणी तू मले मारलं, लग्नानंतर मारलं, माझे केस पिकले तरी मारलं. धानाच्या रोवणीत माझी ओळ वाकडी गेली की पाठीत चिखलाचा गोळा बसलाच. पण दुसऱ्या कोणी मले बोट लावलं तर त्याचं काही खरं नव्हतं. सासूनं मले चुलीतलं जळतं लाकूड फेकून मारलं, तेव्हा तेच लाकूड उचलून तू तिच्या अंगावर गेलती. म्हातारी मंग मरेपर्यंत तुझ्या हातचं मुकाट्यानं जेवली.

हे सगळं तुझ्या अंगात कुठून आलं ते मले माहीत आहे. तुझी दोन लेकरं गेली. पहिलं जन्मताच गेलं. दुसऱ्या वेळी मी तुझे खांदे धरून बसलती. लेकरू अडलं होतं. दाईनं आधी तेल लावून पाह्यलं, पोट दाबून पाह्यलं, शेवटी विळा मागितला. तिनं ते लेकरू कसं बाहेर काढलं ते मी अजूनही सांगू शकत नाही. तू जगली. अंगात चालाची ताकद आली त्या दिवशी तू कुऱ्हाड घेतली अन् अंगणातला शेवगा मुळापासून तोडून टाकला. चांगला शेंगांनी लदबदलेला शेवगा. काहून तोडला, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

मंग माझी कुसुम झाली. तू तिले माझ्या कुशीतून उचलली अन् म्हटलं, "अर्धी माझी." मी म्हटलं, कोणती अर्धी? तू म्हटलं, "रडते ते तुझी, हसते ते माझी." अन् खरंच वं, पोट्टी रडाले लागली की तू तिले माझ्या मांडीवर आणून टाकत होती.

आपल्या गावाले दवाखाना आला तोपर्यंत नागपूर आपलं राह्यलं नव्हतं. राजधानी भोपाळले गेलती, कागद सगळे हिंदीत येऊन राह्यले होते. पण दवाखाना आला. पक्की भिंत, कौलं, अन् मागच्या अंगाले जचकीची खोली, लोखंडी खाटांची. लांजीकडून, खैरलांजीकडून बाया बैलबंडीत बसून येत. तू मात्र त्या वाटेनं जात नव्हती. म्हणे, मले त्या फिनाइलचा वास सहन होत नाही. मले माहीत होतं तुले काय सहन होत नव्हतं. ही खोली वीस वर्षं उशिरा आलती.

कुसुमच्या पहिल्या वेळी मात्र तू आली. लेकरू आडवं होतं. नर्सबाईनं घामाघूम होऊन कुसुम वाचवली, लेकरू नाही वाचलं. ती बाहेर येऊन आपल्याले सांगाले लागली अन् तू तिची वेणी धरून तिले भिंतीवर आपटली. मी तुले मागून ओढून राह्यली होती, तू मले कोपर मारलं, माझा ओठ फाटला. दुसऱ्या दिवशी तू त्याच नर्सबाईसाठी तांदळाच्या भाकरी अन् अंबाडीची भाजी घेऊन गेली. माफी नाही मागितली. तिच्यासमोर डबा आदळला अन् म्हटलं, "खा." ती परमुलखातली बाई, तिले आपली बोली येत नव्हती, पण तिनं खाल्लं. खाता खाता तुले म्हणाली, "अगली बार घर में किया तो लड़की नहीं बचेगी. यहीं लाना. इसी कमरे में." तू मान हलवली. त्या दिवसापासून ती खोली तुझी झाली. तू तिथल्या फरशा पुसल्या, पडदे शिवले, पाण्याची घागर भरून ठेवली. कोणी सांगतलं नव्हतं तुले.

अन् मंग सरकारजवळचे पैसे संपले. लढाई झाली म्हणे, दुष्काळ पडला म्हणे, आता खर्च कमी करणं आहे म्हणे. कर बाप्पा कमी! साहेबाची जीप कमी कर, डाकबंगल्यावरच्या कोंबड्या कमी कर. नाही. आधी शाळेतल्या लेकरांची दुधाची पावडर बंद झाली. मंग दवाखान्यातलं खोकल्याचं औषध नुसतं रंगाचं पाणी झालं. मंग बाजाराच्या दिवशी येणारा डॉक्टर यायचा थांबला. दोन खाटा गाडीत घालून कुठं तरी नेल्या. कुसुमले पुन्हा दिवस गेलते, पोट दिसाले लागलं होतं, अन् इकडं एकेक वस्तू जाऊन राह्यली होती. तू रोज दवाखान्यात जाऊन पाह्यत होती की आज काय गेलं.

शेवटी भिंतीवर नोटीस लागली. जचकीची खोली बंद, नर्सबाईची बदली बालाघाटले. बाजाराचा दिवस होता, भिंतीपुढं ही गर्दी. तू मराठी चौथी शिकलेली, तुले सगळ्यांनी पुढं केलं. तू मोठ्यानं वाचलं, एकेक अक्षर तोडून: "जिस किसी को आपत्ति हो, वह डाकबंगले पर साहब के सामने उपस्थित होकर प्रस्तुत करे." अन् लोकांकडं वळून सांगतलं, "ऐका वं, ऐका हो! ज्याच्यावर आपत्ती आली असंल त्यानं डाकबंगल्यावर हजर व्हावं. साहेब पाहणार आहे."

मी तुझ्या पदराले ओढलं. नर्सबाईजवळ बसून बसून मले हिंदी कळाले लागलं होतं.

"अवं बाई, हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. ज्याची हरकत असंल त्यानं यावं, असं लिहिलं आहे."

"अन् मराठीत?"

"मराठीत संकट. पण कागद हिंदीत आहे ना!"

"कागद त्यायचा आहे," तू म्हटलं, "आपत्ती आपली आहे. तू गप राह्य."

हेच आपलं भांडण राहून गेलं बघ. तुले खरंच ते सुचलं होतं का? की तू चुकली होती, अन् चारचौघांत चुकली म्हणणं तुझ्या रक्तात नव्हतं? मी घरी येऊन पुन्हा विचारणार होती. तू जात्यावर बसली, मी पाणी आणाले गेली, राहून गेलं. आता विचारून राह्यली तर तू नाही. पण खरं सांगू, मले दोन्ही सारखंच वाटते. तुझ्या तोंडून निघालं ते खरं व्हायचं, कारण त्याच्यासमोर उभं राहाची कोणाची छाती नव्हती.

बातमी बाजारातून गावोगाव गेली. सरकार आपत्त्या पाहून राह्यलं! मी जन्मात असा मेळा पाह्यला नाही. बंड्या भरून लोक आले. उकव्याच्या खाणीत छाती खराब करून परत आलेला माणूस खाटेवर घालून आणला होता. गळ्यावर गलगंड आलेली म्हातारी, एका पायानं लंगडं लेकरू, दोन तरण्या विधवा. एकजण तर मेलेल्या बैलाची शिंगं घेऊन आलता, साहेबाले दाखवाले. कोणाच्या हातात दगड नव्हता, बाई. लोक धुतलेले कपडे घालून आलते, लग्नाले यावं तसे.

साहेब व्हरांड्यात चहा पिऊन राह्यला होता. त्याले वाटलं होतं, दोन-चार जण येतील, सही करतील, जातील. एवढी गर्दी पाहून त्याचं तोंड पडलं. बाजूले पोलीस उभे होतेच. त्यानं पहिल्या बाईले विचारलं, "किस बात की आपत्ति है?"

"साहेब, माझा मालक साप चावून मेला."

"अरे वो नहीं. आपत्ति, आपत्ति!"

"हौ साहेब, तेच. पोळ्याच्या दिवशी."

साहेब हसला. चपराशी हसला. मंग शिंगंवाला पुढं आला अन् त्यायले हसू आवरेना. साहेब खुर्चीत मागं रेलून डोळे पुसाले लागला. मागं सगळे लोक आपापली आपत्ती घेऊन उभेच, आपला नंबर कधी येते म्हणून. त्यायले कळेना हा माणूस हसते काहून.

तुले कळलं. तू कुसुमचा हात धरला अन् तिले ओढत व्हरांड्यावर नेलं. टेबलाजवळ उभी केली. तिच्या पोटावर हात ठेवून म्हटलं, "ही पाहा आपत्ती. हिचं लेकरू कुठं काढू? ह्या टेबलावर काढू?"

साहेबानं कुसुमच्या पोटाकडं पाह्यलं अन् म्हटलं, "तो इतने बच्चे पैदा ही क्यों करते हो तुम लोग?"

इतने बच्चे! ज्या पोरीच्या मांडीवर एक लेकरू जगलं नाही, तिले! तुझ्यासमोर! कुसुम खाली मान घालून उभी होती. मी खालून पाहून राह्यली होती, तुझी पाठ कशी ताठ झाली ते. तू टेबलावरची किटली उचलली अन् उकळता चहा त्याच्या तोंडावर फेकला.

मले आनंद झाला, बाई. खोटं काहून बोलू? तो ओरडत खुर्चीसकट मागं पडला, अन् माझ्या पोटात गार पडलं. तेवढं एक क्षणभर.

मंग लाठ्या सुरू झाल्या. ओलं धान झोडपतात तसा आवाज येऊन राह्यला होता, सगळीकडून. खाटेवरच्या माणसाची खाट उलटली, त्याच्या छातीवरून लोक पळाले. गलगंडाच्या म्हातारीचं मनगट मोडलं, ती मोडका हात दुसऱ्या हातात धरून जागच्या जागी गोल गोल फिरत होती. मले खांद्यावर लाठी बसली, मी पडली, उठली, तुमच्याकडं धावली. कुसुम व्हरांड्याच्या पायरीशी गुडघ्यावर पडलती अन् तू तिच्यावर पालथी पडलती, कोंबडी पिलांवर बसते तशी. ते तुले मारत होते. पाठीवर, खांद्यावर, पायांवर. तू हाताले येईल ते ओढत होती, ओरबाडत होती, चावत होती, शिव्या देत होती. तुझ्या शिव्या मले ऐकू येत होत्या तोपर्यंत मले धीर होता. मंग एक लाठी डोक्यावर बसली. शिव्या थांबल्या.

तुले बंडीत घातलं अन् कुठं नेलं असंल? सवय बघ ना! बैल आपोआप दवाखान्याकडं वळले. दवाखान्याले कुलूप. मी दगड उचलला अन् कुलूप तोडलं, कोयंडा उखडला, माझी बोटं फुटली. आत कापूस नाही, पट्टी नाही, टाके घालाले नर्सबाई नाही. तू टांगलेले पडदे होते, ते फाडून मी तुझं डोकं बांधलं. ते भिजत गेले. बालाघाटले जाणारी बस निघून गेलती. मी तुले त्या खोलीतल्या लोखंडी खाटेवर झोपवलं, ज्या खोलीत तू दुसऱ्याच्या जचकीचं पाणी भरलं, तिथं.

तू डोळे उघडले. "कुसुमले लागलं का?"

"नाही वं बाई, नाही लागलं."

"मंग रडून काहून राह्यली, गधे?"

बस. हेच तुझं शेवटचं. लोकांची माणसं देवाचं नाव घेऊन मरतात.

आता गावात लोक दबक्या आवाजात म्हणतात की बाईनं किटली उचलली नसती तर लाठ्या पडल्या नसत्या. पाणवठ्यावर मीही हे ऐकलं अन् बोलणारीच्या डोक्यावरची घागर खाली पाडली. पण घरी चुलीपुढं बसली की मीही तुले तेच विचारते. काहून उचलली वं? शिवी द्यायची होती, थुंकायचं होतं, एवढ्यावर भागलं असतं. तू आज इथं माझ्यावर खेकसत असती. मले तुझा राग येते, इतका येते की वाटते तू उठून यावं अन् मी तुले बडवावं. अन् त्याच घडीले मले दिसते तुझी ताठ पाठ, अन् वाटते, बरं केलं. ह्या दोन्हीतलं एक खरं असतं तर मले झोप लागली असती.

तुले कधी म्हटलं नाही, आता म्हणते. माझ्या वाट्याचा अर्धा मार तू खाल्ला. बापाचा, सासूचा, अन् आता ह्या सरकारचा. मी जगात सुखानं फिरली ते तू पुढं चालत होती म्हणून. मले वाटायचं मी तुले भ्याते. मी भीत नव्हती, मी तुझ्या आडोशाले होती.

कुलूप मी पुन्हा लावू दिलं नाही. तलाठी आला, त्याच्या हातात नवं कुलूप होतं. दारात आम्ही बाया बसलो होतो, विळे घेऊन. धान कापाचे दिवस होते, विळे हातात असणारच. तो कुलूप खिशात घालून परत गेला. नर्सबाई बालाघाटहून सुट्टी टाकून आली. तिनं आपल्या पिशवीत कात्री, कापूस, डेटॉल, सगळं घरचं आणलं होतं. तुझं ऐकून ती त्याच भिंतीले डोकं टेकवून रडली, जिच्यावर तू तिले आपटलं होतं. मले विचारलं, "इसी कमरे में करेंगे ना?" मी म्हटलं, हौ.

कुसुमचं ह्या वेळी लेकरू पायाळू आलं. पाय आधी. मी तिचे खांदे इतके घट्ट दाबले की नर्सबाई माझ्यावर ओरडली. कुसुम तुझ्या नावानं हाका मारत होती, माझ्या नाही, मी तिची माय असून. मले वाईट नाही वाटलं. मीही तुलेच हाका मारून राह्यली होती. अन् झालं वं बाई. जिवंत झालं. पोट्टी झाली. काळीनिळी, चिडलेली, मुठी आवळलेली. नर्सबाईनं तिले उलटी धरून मारलं तेव्हा ती जी ओरडली! मी भुईवर बसली.

हे सांगाले मी भांडण काढलं. अन् आणखी एक सांगाचं आहे, ते ऐकून तू मले मारशील.

काल दुपारी दवाखान्यापुढं एक बंडी येऊन थांबली. चौकीवरचा एक शिपाई खाली उतरला, साध्या कपड्यात, टोपी नाही, पट्टा नाही. बंडीत त्याची बायको. तरणी पोर, ओठ चावून राह्यली होती, लुगडं ओलं झालतं. बालाघाटपर्यंत ती टिकणार नव्हती. आमच्या बायांनी त्याले ओळखलं अन् सगळ्या उभ्या राह्यल्या. मी दारात होती. त्यानं हात जोडले. बाही मागं सरकली अन् मले त्याच्या मनगटावर दातांचे वण दिसले, अजून पिकलेले. त्या वणात पुढचे दोन दात एकावर एक चढलेले. तसे दात आपल्या गावात एकाच बाईचे होते.

त्यानं पाह्यलं मी काय पाहून राह्यली ते. हात मागं नाही घेतला. "माँजी," तो म्हणे, "जितना मारना है मार लो. पर इसको अंदर ले लो."

मी मारलं. विळा खाली टाकला अन् हातानं मारलं, थोबाडीत, डोक्यात, जिथं लागंल तिथं. तो उभा राह्यला. बंडीतून त्याची बायको कण्हत होती अन् मी मारतच होती, माझा तळवा सुजला तरी. नर्सबाईनं मागून माझे हात धरले. बंडीत त्या पोरीनं एवढा मोठा हंबरडा फोडला की मी त्याले सोडून तिच्याकडं धावली.

आम्ही तिले उचलून आत नेली. एका खाटेवर कुसुम होती, कुशीत लेकरू घेऊन. दुसरी एकच होती. त्या खाटेवर तू गेली तेव्हापासून मी कोणाले बसू दिलं नव्हतं. मी तिले तिथं झोपवली, बाई. तिचे खांदे धरले अन् म्हटलं, जोर लाव. बाहेर तो पायरीवर बसून रडून राह्यला होता, अन् मले अजूनही उठून त्याले मारावंसं वाटून राह्यलं होतं, अन् मी तिचे खांदे सोडले नाही.